मुख्य प्रवाहात आणायचं, म्हणजे कुठून?

गेल्या अंकात मी सिएरा लिओनमधल्या नोंदणीच्या तंबूची एक आठवण लिहिली होती. टेबलावर शिकारी बंदूक ठेवणारा गावरक्षक, त्याच्या मागे लांब रांग आणि रजिस्टरात त्याचं नाव लिहिणारी मी. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतेय. नव्या वाचकांसाठी सांगते, माझं शिक्षण हिशेबनिसाचं. 2001 साली स्वयंसेवक म्हणून सिएरा लिओनला गेले. मग लायबेरिया, मग मधली काही वर्षं इकडे तिकडे, शेवटी नायजेरिया. सशस्त्र गटांतून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या याद्या, पावत्या आणि भांडणं मी अठरा वर्षं सांभाळली. मी समुपदेशक नाही आणि अभ्यासकही नाही. उत्तरं त्या बेतानंच वाचावीत.

प्रश्न : ताई, मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात ‘शस्त्र खाली ठेवून मुख्य प्रवाहात परतणं’ असं एकच प्रकरण आहे. गावानं स्वतः उभं केलेलं रक्षक दल आणि जंगलातले बंडखोर, दोघांना एकच रीत लागू होते का?

उत्तर : नाही. आणि ‘मुख्य प्रवाह’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, ते आधीच सांगून टाकते. पाच वर्षं जंगलात काढलेल्याला तो शब्द एक वेळ चालेल, कारण तो खरंच दूर गेलेला असतो. गावच्या दलातला पोरगा कुठंच गेलेला नसतो. रात्री नाक्यावर उभा राहतो, पहाटे आईच्या घरी येऊन झोपतो. काल ज्याच्या गाडीची झडती घेतली तो दोन घरं सोडून राहतो. याला आणायचं कुठून आणि न्यायचं कुठं?

पुस्तकातली रीत सैन्यासाठी बेतलेली आहे. हत्यार जमा करा, छावणीत ठेवा, यादीतून नाव काढा, थोडे पैसे आणि एखादं कौशल्य देऊन घरी पाठवा. नेपाळमध्ये माओवाद्यांसाठी 7 मोठ्या छावण्या आणि त्यांना जोडून 21 लहान छावण्या होत्या. तिथं ही रीत निदान कागदावर तरी बसत होती, कारण छावणी आणि घर यांच्यात अंतर होतं. हैतीत ती मुळीच बसेना. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या वस्त्यांतल्या टोळ्यांना ना छावणी, ना सेनापती, ना शांतता करार. म्हणून 2006 साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनंच तिथल्या शांतता मोहिमेला सांगितलं की लढवय्यांच्या मागे लागण्यापेक्षा वस्तीतला हिंसाचार कमी करण्याकडे वळा. तेव्हापासून या कामाला वेगळी वाट फुटली.

सिएरा लिओनमध्ये मला हे कळलं ते बो या शहरात. कामाजोर म्हणजे मेंडे समाजातले पारंपरिक शिकारी. सरकारचं सैन्य बंडखोरांपासून गावं वाचवू शकेना, तेव्हा तिथल्या मुखियांनी आपापल्या भागातली पोरं निवडून दिली, त्यांची दीक्षा झाली, शपथा झाल्या, गोळी लागणार नाही अशी खात्री त्यांना देण्यात आली. युद्ध संपेपर्यंत देशभरात 72 हजारांवर लोकांची नोंद झाली. त्यांतले जवळपास निम्मे या नागरी संरक्षण दलांतले होते. माझ्या टेबलापुढचा माणूस बंदूक ठेवायचा, पावती घ्यायचा आणि अर्ध्या तासात चालत घरी पोचायचा. संध्याकाळी त्याच गावात कोंबडी कोणी चोरली याचा निवाडाही तोच करायचा. आम्ही मात्र रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहून मोकळे : ‘नागरिक’.

त्याच्याकडे मुळात तीन गोष्टी असतात. रात्रीची गस्त, नाक्यावरची वसुली आणि मान. बंदूक या तिघींपैकी एकीतही मोडत नाही, ती सगळ्यांत सुटी वस्तू, कोणीही उचलून देईल. गस्त सोडवायची तर आधी विचारायचं की आज रात्री पहारा कोण देणार. याचं उत्तर नसेल तर गावच त्याला हत्यार टाकू देणार नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही टाकलं नसतं.

कधी कधी उत्तर असंही येतं की दल मोडूच नका, त्याला नियमात बांधा. पेरूमध्ये काहामार्काच्या डोंगरात 1976 साली गुरं चोरणाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी गस्त सुरू केली. त्यांना म्हणतात ‘रोंदास’. पुढे यादवीच्या काळात अयाकुचोकडच्या गावांतही अशीच दलं उभी राहिली आणि 1991 साली सरकारनं कायदा करून त्यांना शिकारी बंदुका बाळगायची मुभा दिली. उत्तरेकडच्या रोंदास आजही आहेत, पण त्यांचं बरंचसं काम भांडणं मिटवण्याचं आहे. तुझ्या परीक्षेत हे विचारणार नाहीत. तरी एवढं लिही : परतणं हा प्रवास नसतो, त्याच गावातली जागा बदलणं असतं.

प्रश्न : सशस्त्र टोळीत सामील झालेल्याला पैसे, अवजारं, प्रशिक्षण. आणि ज्यानं कधी काठीही उचलली नाही, तो रांगेत सुद्धा नाही. हे सरळसरळ बक्षीस नव्हे काय? तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ नव्हती.

उत्तर : नव्हती, खरं आहे. राग रास्त आहे तुमचा. युगांडात 2000 साली बंडखोरांसाठी माफीचा कायदा झाला. परत येणाऱ्याला गादी, घोंगडी, भांडी, कुदळ, बियाणं आणि रोख 2 लाख 63 हजार शिलिंग असा संच मिळायचा. तो घेऊन माणूस जिथं परत जायचा तिथली बाई त्याच लढाईत घरदार गमावून निर्वासितांच्या छावणीत जमिनीवर झोपत होती. तिला कोणी गादी दिली नव्हती. त्या गादीकडे ती कोणत्या नजरेनं पाहत असेल हे सांगायला अभ्यासक कशाला हवा?

लायबेरियात तर आम्ही पैशाची रांगच लावली. डिसेंबर 2003 मध्ये मोनरोव्हियाबाहेरच्या शिफेलिन छावणीत काम सुरू झालं, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, दंगल उसळली आणि दहा दिवसांत सगळं बंद करावं लागलं. एप्रिल 2004 ला पुन्हा सुरुवात. प्रत्येकी 300 डॉलर, दोन हप्त्यांत. आत येण्याची मुख्य अट, एक हत्यार किंवा दीडशे काडतुसं. मी त्या वेळी ग्बार्न्गा या शहरातल्या छावणीत होते. फाटकावर बांगलादेशी शांतिसैनिक, आत आमची टेबलं. एके दिवशी ओळीनं तीन पोरं आली. तिघांच्या हातात एकाच छापाच्या कापडाची गाठोडी, प्रत्येकात मोजून दीडशे काडतुसं, एक कमी नाही की एक जास्त नाही. लढाईवरून येणाऱ्याच्या खिशात अशी गोळाबेरीज सापडत नाही. कोणीतरी घरी बसून वाटे घातले होते, आणि 300 डॉलरमधला आपला वाटाही ठरवूनच. तिसऱ्या पोराला मी विचारलं, बंदुकीचा घोडा कुठं असतो? त्यानं आभाळाकडे पाहिलं.

अंदाज होता सुमारे 38 हजारांचा. शेवटी यादीत 1 लाखावर नावं आणि जमा झालेली हत्यारं 28 हजारांच्या आसपास. हिशेबनीस म्हणून तो ताळेबंद मला अजून झोप येऊ देत नाही.

तेव्हा माझं मत असं. गावरक्षकांच्या बाबतीत तर व्यक्तीच्या हातात रोख रक्कम देऊच नये. द्यायचं ते वस्तीला द्यावं. विहिरीचं काम, रस्त्याचं काम, कार्यशाळा, आणि त्यात अर्ध्या जागा दलातल्यांना, अर्ध्या शेजाऱ्यांना. यादी वस्तीनं सगळ्यांसमोर वाचून ठरवावी. वेळ लागतो, कटकट होते, पण गाठोडी बांधून कोणी येत नाही.

मात्र उलटी बाजूही ऐका. ग्वाटेमालात लष्करानं खेड्यातल्या पुरुषांना सक्तीनं नागरी गस्ती पथकांत घातलं. ऐन भरात ही संख्या 9 लाखांवर होती. पगार शून्य. पथकं 1996 ला विसर्जित झाली, काही न देता. 2002 साली त्याच लोकांनी पेतेन प्रांतात रस्ते अडवले : आमच्या पंधरा वर्षांच्या रात्रीपाळीचे पैसे टाका. आता याच पथकांचा हात देशातल्या 18 टक्के अत्याचारांत होता असं 1999 च्या सत्यशोधन आयोगानं नोंदवलेलं. म्हणजे मागणारा वेठबिगारही आणि गुन्हेगारही. या माणसाला पैसे देणं बक्षीस, की न देणं फसवणूक? मला दोन्ही वाटतं. तुमच्याइतकं ठामपणे मला एकच बाजू धरता येत नाही, एवढाच आपल्यातला फरक.

प्रश्न : ताई, मी एका संस्थेतर्फे पुढच्या महिन्यात नायजेरियातल्या मैदुगुरीला जातेय, तिथल्या नागरी दलातून सोडवलेल्या मुलांबरोबर काम करायला. आधीच्या सहकाऱ्यानं लिहिलंय की एक सोळा वर्षांचा मुलगा कशालाच तयार नाही. म्हणतो, ‘मी शहर वाचवलं आणि आता लहान पोरांच्या बाकावर बसू?’ त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा देतेय, कारण तुम्हाला त्याचा उद्याच उपयोग आहे.

आधी त्याचं म्हणणं खरं आहे हे मान्य करा, निदान मनात. 2013 मध्ये बोको हराम या कट्टरपंथी सशस्त्र गटानं शहर पोखरलं होतं आणि लष्कराला कोण कुठला हे ओळखता येत नव्हतं. गल्लीतल्या पोरांना येत होतं. ती काठ्या आणि कोयते घेऊन बाहेर पडली, म्हणून हौसा भाषेत त्यांना ‘यान गोरा’ म्हणायचे, काठीवाले. पुढे त्या दलाची संख्या सुमारे 26 हजारांवर गेली. त्यांत मुलंही होती. सप्टेंबर 2017 मध्ये दलानं मुलांची भरती थांबवण्याचा करार संयुक्त राष्ट्रांबरोबर केला, त्यानंतर टप्प्याटप्प्यानं मुलं सोडली. मे 2019 च्या एकाच कार्यक्रमात 894 सोडली, त्यात 106 मुली. त्या वेळच्या याद्या तपासणाऱ्यांत मी होते.

यादी वाचताना एक पोरगा पुढे आला. त्यानं काठी केव्हाच दिली होती, पण दलाचं ओळखपत्र देईना. प्लास्टिकचं, कडा झिजलेल्या, फोटो पुसट. तो म्हणाला, हे पाहून मोठी माणसं गाडीची काच खाली करतात. मी सवयीनं रकाना भरला : ‘ओळखपत्र जमा’. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा एका नाक्यावर दिसला, कार्डाशिवाय, नुसता उभा. काच कोणी खाली करत नव्हतं. तरी उभा.

तेव्हा पहिली गोष्ट, कार्ड घ्यायचं तर दुसरं कार्ड तयार ठेवा. शाळेचं नसेल तर कार्यशाळेचं, गॅरेजचं, काहीही, पण फोटो आणि शिक्का असलेलं. हसू नका, मी हे गंभीरपणे लिहितेय.

दुसरी, त्याला ‘पीडित’ म्हणू नका. 2007 ची पॅरिस तत्त्वं सांगतात की अशा मुलाकडे आधी पीडित म्हणून पाहावं, आणि कोर्टात, पोलीस ठाण्यात, संस्थेच्या कागदात ते अगदी बरोबर आहे, त्यासाठी भांडा. त्याच्या तोंडावर मात्र नको. ‘वीर’ही नको, नाहीतर त्याला ती भूमिका उतरवताच येणार नाही. नुसतं विचारा, तू नेमकं काय काम करायचास? ‘लढायचो’ हे उत्तर धरू नका, खोदत राहा. कोणी वायरलेस सांभाळायचा, कोणी जखमींना उचलायचा, कोणी छावणीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही लिहायचा. वही लिहिणाऱ्याला अक्षरओळख असते, आकडे येतात. त्याला पहिलीच्या बाकावर कशाला बसवता? त्याच्या वयाच्या मुलांचे जलद शिक्षणाचे वर्ग शोधा, तेही दुपारनंतरचे, कारण सकाळी तो कमावतो आणि घर त्यावर चालतं.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. तो रात्री आपणहून जात नाही, कोणीतरी हाक मारतं. ती हाक कोण मारतं ते काढा. मोहल्ल्याच्या प्रमुखाला तिथं बुलामा म्हणतात. बुलामा, मुलाचा बाप किंवा मामा आणि दलाच्या त्या विभागाचा म्होरक्या, अशा तिघांना एकत्र बसवा. म्होरक्यानं सगळ्यांदेखत म्हणायला हवं की तुझी पाळी संपली, आणि स्वतःच्या यादीवर काट मारायला हवी. आमच्या यादीत काट मारून काही होत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

फोटो काढू नका. कार्यक्रमाचे, हसऱ्या चेहऱ्याचे, देणगीदारासाठीचे, कसलेच नाहीत. ज्यांच्याविरुद्ध तो उभा राहिला त्यांना त्याचा चेहरा अजून हवा आहे. याच कारणानं त्याला शहराबाहेरच्या शेतीकामावर पाठवण्याच्या योजनेला सरळ नकार द्या.

कागदावर कोणता शब्द पडतो याकडेही लक्ष ठेवा. नेपाळमध्ये माओवादी लढवय्यांच्या पडताळणीत 4,008 जण बाद ठरले, त्यांतले 2,973 वयानं लहान म्हणून. 2010 च्या सुरुवातीला त्यांना छावण्यांमधून सोडलं तेव्हा त्यांच्यावर शिक्का बसला ‘अयोग्य’. मराठीत वेगळा अर्थ सांगायची गरजच नाही. लहान वयात भरती केलं हा दोष भरती करणाऱ्याचा, आणि अयोग्य ठरली पोरं. त्यांतली कित्येक गावी तोंड दाखवायला तयार नव्हती.

आता माझी एक चूक, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सिएरा लिओनमध्ये एका संस्थेसाठी मी सुतारकामाच्या पेट्यांची खरेदी मंजूर केली. करवत, रंधा, हातोडी, पटाशी, सगळं नवं कोरं. गावात आधीच सुतार होते, लाकूड महाग होतं आणि खुर्ची घेणारं कोणी नव्हतं. आठवड्याच्या आत त्या पेट्या बाजारात विकायला आल्या, आमच्याच शिक्क्यासकट. शिंपी, साबण आणि कापड रंगवणं यांचंही तेच झालं. आधी बाजारात तीन दिवस नुसतं बसा. काय मोडतं आणि दुरुस्तीला कुठं जातं ते पाहा. मग मुलाला विचारा.

प्रश्न : मॅडम, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. या पोरांना परिसराची खडान्खडा माहिती असते. सरळ पोलिसांत भरती करून घ्यावं, शिस्तही लागेल आणि पगारही मिळेल. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

उत्तर : तुमचा अनुभव माझ्याहून मोठा, पण भरतीच्या वेळी तुमचं चारित्र्य पडताळलं गेलं असेल, उंची-छाती मोजली असेल, परीक्षा झाली असेल. त्यांतलं काय यांच्यासाठी सोडायचं ते आधी ठरवावं लागतं.

छत्तीसगडचं उदाहरण आपल्यापुढे आहेच. 2005 मध्ये दंतेवाड्यात नक्षलवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम सुरू झालं, आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमलं, 3 हजार रुपये महिना. अनेकांचं शिक्षण जेमतेम पाचवी. जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, बंदुका परत घ्यायला सांगितलं आणि या तरुणांच्या जिवाला धोका आहे म्हणून त्यांना संरक्षण द्यायलाही सांगितलं. राज्यानं त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून त्यांतल्या पुष्कळांना तिकडे घेतलं. म्हणजे पगार वाढला, गणवेश आला, पण काम तेच आणि शेजारीही तेच. त्या पोरांपुढे दुसरं दार कोणी उघडलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

थोड्यांना घ्यावं. एकेकाला पारखून, त्याच्या हातून कोणाचं काय झालं ते गावात विचारून, आणि त्याच्या म्होरक्यापासून लांबच्या ठाण्यात. अख्खी तुकडी तशीच उचलून घेतली तर तुमच्या फौजदाराला सलाम आणि जुन्या म्होरक्याचा हुकूम, अशी दोन ठाणी एकाच इमारतीत चालतात. नेपाळनंही शेवटी सुमारे 1,400 माओवाद्यांनाच सैन्यात घेतलं, बहुतेकांनी 5 ते 8 लाख नेपाळी रुपयांचे धनादेश घेऊन घरची वाट धरली.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठं आहेत?

उत्तर : रांगेत नव्हत्या, कारण रांग बंदुकीची होती. सिएरा लिओनच्या यादीत बायका सुमारे साडेसहा टक्के. दळण, पाणी, दारूगोळ्याची ओझी, निरोप, जखमींची देखभाल हे सगळं करणारी बाई टेबलापर्यंत आली की आम्ही विचारायचो, हत्यार? तिच्याकडचं हत्यार नवरा म्हणवणाऱ्यानं आधीच दुसऱ्या पोराला दिलेलं असायचं. मीही त्या वेळी अट वाचून दाखवली आणि तिला परत पाठवलं. अट मी केली नव्हती, पण वाचून तर मीच दाखवली.

मैदुगुरीत गोष्ट वेगळी होती. अंगाला बॉम्ब बांधून मुलींना पाठवायला लागल्यावर बायकांची झडती घ्यायला बायकाच लागल्या. बाजाराच्या आणि छावणीच्या फाटकावर त्या दिवसभर अनोळखी बायकांच्या अंगावरून हात फिरवायच्या, आणि प्रत्येक वेळी हाताखाली काय लागेल ते माहीत नसायचं. त्यांतली एक मला म्हणाली, घरी लेकराला उचलून घेताना सुद्धा हात आधी पाठीवरून फिरतो. तिच्यासाठी कोणत्या योजनेत कोणता रकाना आहे? दल ‘पुरुषांचं’ म्हणून ती रक्षकांत धरलेली नाही, आणि ती कोणाच्या तावडीतून सुटून आलेली नाही म्हणून पीडितांतही नाही.

प्रश्न : साधारण किती काळ लागतो माणूस पूर्ववत व्हायला?

उत्तर : प्रकल्पाच्या कागदात सहा महिने ते वर्ष. मी 2001 ला ज्यांची नावं लिहिली त्यांतला एक जण 2006 मध्ये पुन्हा भेटला. छान शेती करत होता. रात्री दोन वाजता मात्र उठायचा आणि गावाला एक फेरी मारून यायचा, एकटा, हातात काही न घेता.

प्रश्न : ज्या आईचा मुलगा याच रक्षक दलानं संशयावरून मारला, तिनं काय करायचं? तिनंही ‘परत स्वीकारायचं’ का? कृपया गोड उत्तर देऊ नये.

उत्तर : नाही देत.

उत्तर युगांडात, अचोली लोकांत, लढाईवरून परतलेल्याला उंबऱ्यापाशी कच्चं अंडं पायानं फोडायला लावतात. शेजारी एका झाडाची डहाळी असते आणि धान्याची कणगी उघडायची काठी. अंडं फुटलं की तो आत येतो, आणि ती काठी म्हणजे पुन्हा याच घरात तुझं खाणंपिणं. विधी सुरेख आहे आणि अनेकांना त्याचा आधार झाला. पण तो गेलेल्यासाठी आहे. जो गेलाच नाही, ज्यानं याच गल्लीत, याच लोकांसमोर कोणाला तरी मारलं, त्याला कोणता उंबरा ओलांडायला लावणार? त्यासाठी तयार विधी मला कुठंच दिसला नाही.

सिएरा लिओनमध्ये विशेष न्यायालयानं नागरी संरक्षण दलाच्या तिघा नेत्यांवर खटला भरला. सॅम हिंगा नॉर्मन निकालाआधीच, फेब्रुवारी 2007 मध्ये गेले. उरलेले दोघं त्याच वर्षी दोषी ठरले. बोमध्ये असंख्य लोकांना नॉर्मन हा गावं वाचवणारा माणूस वाटायचा, आजही वाटतो. त्याच दलानं शत्रूचे हेर म्हणून मारलेल्यांची घरंही त्याच भागात होती. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही घरं एकाच विहिरीवर पाणी भरत होती. हजाराहून थोड्या जास्त माजी लढवय्यांची पाहणी तिथं झाली होती. तिच्यात दिसलं की ज्यांच्या तुकडीनं सामान्य लोकांवर जास्त अत्याचार केले त्यांना स्वीकार मिळणं सगळ्यांत अवघड गेलं, आणि आमच्यासारख्यांच्या योजनेत नाव होतं की नव्हतं यानं फारसा फरक पडलेला आढळला नाही. अठरा वर्षांच्या नोकरीवरचा हा शेरा मी वाचला तेव्हा आधी चिडले. मग वाटलं, बरोबरच आहे. आयांना सगळं आठवत असतं आणि पेटी-करवत देऊन ते पुसलं जात नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातली आई स्वीकारायला बांधील नाही. तिच्याकडे संमतीचा कागद घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याला तिनं दारातून परत पाठवावं. तिच्यासाठी करायचं ते वेगळं आहे. मुलगा कुठं पुरला ते तिला सांगणं, तो हेर नव्हता हे गावासमोर बोललं जाणं, मारणाऱ्याला पाहऱ्याच्या किंवा पंचाच्या जागेवर पुन्हा न बसवणं. यांतलं एखादं तरी झाल्याशिवाय तिच्या गल्लीत ‘सलोख्याचा’ फलक लावू नये.

बोजवळच्या एका खेड्यात अशी एक बाई होती. तो माणूस तिच्या घरावरून रोज शेतावर जायचा आणि रोज तिला नमस्कार घालायचा. आमचा दुभाषा कौतुकानं म्हणाला, पाहा, सगळं निवळलं. मी तिला विचारलं तर तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, “नमस्कार त्यानं रोज घालायचा. मी तो घ्यायचा नाही. एवढं आमचं ठरलंय.”